अनुमापन

संहती (द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण) माहीत नसलेल्या द्रावणात एखादा पदार्थ नेमका किती आहे, हे संहती माहीत असलेल्या दुसऱ्या द्रावणाच्या साहाय्याने शोधण्याची पद्धत. पहिल्या द्रावणाचे ठरावीक आकारमान घ्यायचे, दुसरे ब्युरेटमधून (खुणा आणि खाली तोटी असलेल्या काचेच्या नळीतून) थेंबाथेंबाने सोडायचे आणि अभिक्रिया पुरी होताच किती मिलिलिटर लागले ते वाचायचे. प्रयोगशाळेत ‘टायट्रेशन’ हाच शब्द रुळला आहे. तो फ्रेंच ‘तित्र’वरून आला, सोन्याचांदीचा कस असा त्याचा एक अर्थ होतो.

मोजले जाते ते आकारमान, पण खरा हिशेब असतो कणांच्या संख्येचा. ४० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड आणि ६० ग्रॅम ॲसिटिक आम्ल यांची वजने वेगळी, कणसंख्या मात्र एकच : एक मोल. (२०१९ पासून मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण.) एक लिटर द्रावणात किती मोल द्राव्य आहे, ती त्याची मोलारता. कोणाचे किती मोल कोणाच्या किती मोलांशी जुळतात, हे संतुलित समीकरण सांगते. या प्रमाणांच्या अभ्यासाला जर्मन रसायनशास्त्रज्ञ येरेमिआस रिश्टर यांनी १७९२ मध्ये ‘स्टॉइकिओमेट्री’ असे नाव दिले.

स्वयंपाकघरातले व्हिनेगर घेऊ. ते दहापट पातळ करून त्यातले १० मिलिलिटर शंकुपात्रात घेतले, फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचे (रंग बदलून अभिक्रियेचा शेवट दाखवणाऱ्या पदार्थाचे) दोन थेंब टाकले आणि ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडत गेलो. समजा, ७ मिलिलिटरला फिकट गुलाबी रंग टिकला. म्हणजे ०.७ मिलिमोल आम्लारी (येथे सोडियम हायड्रॉक्साइड) खर्च झाली. येथे प्रमाण एकास एक असल्याने आम्लही ०.७ मिलिमोल होते. पातळ द्रावण ०.०७ मोलर, म्हणून मूळ व्हिनेगर ०.७ मोलर, लिटरला ४२ ग्रॅम, म्हणजे सुमारे ४.२ टक्के. व्हिनेगरऐवजी सल्फ्युरिक आम्ल असते, तर एका मोलला दोन मोल सोडियम हायड्रॉक्साइड लागले असते. समीकरण न लिहिता थेट सूत्रात आकडे घालणारे विद्यार्थी हमखास येथेच चुकतात.

ब्युरेट आणि पिपेट (ठरावीक आकारमान मोजून घ्यायची नळी) त्यांत भरायच्या द्रावणानेच खळबळून घेतात, शंकुपात्र मात्र फक्त ऊर्ध्वपातित पाण्याने. हा नियम पाठ करण्यापेक्षा समजून घेण्यासारखा आहे. ब्युरेटमध्ये पाण्याचे थेंब राहिले, तर आतल्या द्रावणाची संहती उतरते आणि वाचन जास्त येते. शंकुपात्रात आणखी पाणी पडले तरी पिपेटने सोडलेले मोल तेवढेच राहतात. संहती बदलते, राशी (पदार्थाचे एकूण मोल) बदलत नाही. संहती आणि राशी यांतला फरक इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रयोग शालेय रसायनशास्त्रात क्वचितच असेल.

सोडियम हायड्रॉक्साइड हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड शोषत असल्याने नुसते वजन करून त्याचे अचूक द्रावण बनत नाही. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक तोलून आधी प्रमाण द्रावण (संहती नेमकी माहीत असलेले) करतात व त्याच्याशी सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण पडताळून घेतात.

महाराष्ट्रात बारावीच्या प्रात्यक्षिकात पोटॅशियम परमँगनेटचे अनुमापन असते. पायलट रीडिंग (पहिले अंदाजी वाचन) आणि कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग (पुन्हा पुन्हा तेच येणारे वाचन) हे शब्द तेव्हाच कानावर पडतात. येथे वेगळा दर्शक लागत नाही, परमँगनेटचा जांभळा रंगच खूण देतो. त्याचे दोन मोल ऑक्झॅलिक आम्लाच्या पाच मोलांशी जुळतात. ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण सुमारे ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. तरीही पहिल्या थेंबांचा रंग रेंगाळतो, मग एकाएकी भराभर जाऊ लागतो : अभिक्रियेत तयार झालेले मँगनीजचे आयनच तिला वेग देतात. सुरुवातीच्या रेंगाळण्याला शेवट समजून ब्युरेटची तोटी बंद करू नये. याच प्रात्यक्षिकात वापरला जाणारा मोहर क्षार (फेरस अमोनियम सल्फेट) कार्ल फ्रीड्रिख मोहर यांच्या नावाचा. अनुमापनाच्या पद्धती १८५५ मध्ये एका पाठ्यपुस्तकात एकत्र आणल्या त्याही त्यांनीच.

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा कठीणपणा ईडीटीए (कॅल्शियम, मॅग्नेशियमचे आयन बांधून घेणारे रसायन) वापरून याच रीतीने काढतात. दर्शक लालसर रंगावरून निळा होतो.

दुधाची आम्लता पाहताना सोडियम हायड्रॉक्साइडचे एक नवमांश मोलर द्रावण वापरण्याचीही रीत आहे. आकडा विचित्र वाटतो, पण लॅक्टिक आम्लाचा एक मोल ९० ग्रॅमचा असल्याने या द्रावणाचा प्रत्येक मिलिलिटर बरोबर ०.०१ ग्रॅम लॅक्टिक आम्लाइतका ठरतो. १० मिलिलिटर दुधाला १.४ मिलिलिटर लागले, तर आम्लता ०.१४ टक्के. ताज्या दुधाची आम्लताही याच्या आसपास येते. त्यात लॅक्टिक आम्ल मात्र जवळपास नसतेच. आम्लारी खर्च होते ती मुख्यतः प्रथिने आणि फॉस्फेट यांवर. दूध तसेच राहिले की जिवाणू त्यातील लॅक्टोजचे लॅक्टिक आम्ल करू लागतात आणि ब्युरेटचे वाचन चढत जाते.