ल्युपस कमी झालाय, हे ठरवायचं कशावरून?

ल्युपस, म्हणजे डॉक्टरांच्या कागदावरचा एसएलई, मोजायचं एकच एक यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही. शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वतःच्या अवयवांवर उलटते, आणि कुठल्या अवयवावर, कधी, किती, याचा काही नेम नसतो. कुणाच्या गालावर चट्टे, कुणाच्या सांध्यांना सूज, तर कुणाच्या मूत्रपिंडात गुपचूप दाह. रुग्णांत दहापैकी नऊ बायका. एकदा निदान झालं की पुढची कित्येक वर्षं प्रत्येक भेटीत एकच प्रश्न उरतो: मागच्या वेळेपेक्षा आता काय?

पुष्कळ जण याचं उत्तर एएनए तपासणीत, म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकावर उलटणाऱ्या अँटिबॉडींच्या रक्ततपासणीत शोधतात. दर वेळी पैसे भरून ती करून घेतात आणि आकडा उतरला की पेढे वाटतात. एएनए निदानाच्या वेळी कामाची; आजाराचा चढउतार ती सांगत नाही. दाह दाखवणारा रक्तातला ईएसआर वाढतो, पण तो कशानंही वाढतो.

टोरांटोमध्ये १९८५ साली संधिवाततज्ज्ञ एकत्र जमले, ते यावर काहीतरी समान माप ठरवायला. तज्ज्ञांना कागदावरचे रुग्ण दिले, त्यांच्या निर्णयांवरून प्रत्येक लक्षणाचं वजन काढलं, आणि १९९२ मध्ये ‘स्लेडाय’ नावाची गुणपत्रिका प्रसिद्ध झाली. एकूण २४ बाबी. झटके, मानसिक भ्रम, रक्तवाहिन्यांचा दाह अशांना ८ गुण. सांधे, स्नायू आणि लघवीतल्या दोषांना ४. चट्टे, केस गळणं, तोंडातले व्रण, रक्तातलं कॉम्प्लिमेंट (प्रतिकारशक्तीची प्रथिनं) घटणं, डीएनएविरोधी अँटिबॉडी वाढणं यांना २. ताप आणि पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी होण्याला १. सगळं मिळून १०५ होतात, पण तिथवर कुणी पोचत नाही. सुरुवातीला फक्त मागचे १० दिवस धरायचे, नंतर ३० दिवसही चालतात असं दिसून आलं. २००२ च्या सुधारित आवृत्तीत आणखी एक शहाणपणा झाला: जुनाच चट्टा किंवा लघवीतून सतत जाणारं प्रोटीनही मोजायचं. आधी ते नवीन असेल किंवा वाढलं असेल तरच गुण मिळायचे.

आता समजा, सोलापुरात विडी घरकुलात राहणाऱ्या, विड्या वळणाऱ्या एक बाई आहेत. नोव्हेंबरात पहिल्यांदा तपासलं तेव्हा बोटांचे आणि मनगटांचे मिळून दहा सांधे सुजलेले (४), गालावर चट्टे (२), केस गळतात (२), कॉम्प्लिमेंट कमी (२), डीएनए अँटिबॉडी जास्त (२), पांढऱ्या पेशी ३००० च्या खाली (१). बेरीज १३. औषधं सुरू झाली. फेब्रुवारीत चट्टे गेले, केस थांबले, पेशी वर आल्या. सांधे दहावरून दोनावर आले. पण गुणपत्रिकेत दोन सांधे सुजलेले असोत की दहा, गुण चारच. रक्ताचे दोन्ही दोष तसेच. बेरीज ८.

त्या बाईंचं स्वतःचं माप मात्र याहून बारीक असतं. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. भिजवलेलं तेंदूपान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, टोक नखानं आत दुमडायचं, सुतानं बांधायचं. हे सगळं बोटांच्या मधल्या पेरांवर चालतं. नोव्हेंबरात दिवसाला चारशेवर हात थांबत होता, फेब्रुवारीत आठशे होतात, हे त्यांना कारखान्यात माल देताना कळतं. हा फरक स्लेडायच्या चार गुणांत कुठेच उमटत नाही. असे अर्धवट बदल टिपायला पुढे दुसरी मापं आली. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेल्या ‘एसएलई-डास’मध्ये सुजलेल्या सांध्यांची प्रत्यक्ष संख्या धरतात. ब्रिटिशांचं ‘बायलॅग’ तर बेरीजच करत नाही. ते शरीराचे नऊ विभाग पाडतं, प्रत्येकाला ए ते ई अशी श्रेणी देतं, आणि दर लक्षणाला विचारतं: गेल्या महिन्यापेक्षा सुधारलं, तसंच आहे, बिघडलं, की नव्यानं आलं? माझ्या मते हा प्रश्नच जास्त प्रामाणिक आहे. पण तो फॉर्म भरायला वेळ लागतो, आणि सरकारी ओपीडीच्या रांगेत तो वेळ कुठून आणायचा?

पुढच्या नोव्हेंबरात बाई पुन्हा येतात. सांधे छान, चेहरा स्वच्छ, हजार विड्या सहज होतात. रक्ताचे दोन दोष अजून आहेतच, म्हणजे ४. आणि लघवीतून दिवसाला अर्ध्या ग्रॅमहून जास्त प्रोटीन जायला लागलंय, त्याचे ४. बेरीज पुन्हा ८. कागदावर फेब्रुवारीचीच बाई. प्रत्यक्षात तेव्हा आजार बोटांत होता, आता तो मूत्रपिंडात शिरल्याचा संशय आहे, आणि मूत्रपिंड दुखत नाही. बाई म्हणणार, मला तर आता बरं वाटतंय, गोळ्या कमी करा. अशा वेळी बहुतेकदा मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासावा लागतो.

लघवीच्या तपासणीत सोलापूरच्या उन्हाचीही भानगड आहे. पट्टी लघवीत बुडवली की प्रोटीनचा पिवळा चौकोन हिरवट होतो. जितका हिरवा तितकं प्रोटीन दाट. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना, पाणी कमी पिऊन आलेल्या माणसाची लघवीच दाट असते, त्यामुळे चौकोन उगाच गडद दिसतो. उलट घटाघटा दोन तांबे पिऊन आलात तर दोष झाकला जातो. म्हणून त्याच नमुन्यात क्रिएटिनिन हा शरीराचा नेहमीचा टाकाऊ पदार्थही मोजतात आणि दोघांचं गुणोत्तर काढतात. पाणी कमी-जास्त झालं तर दोन्ही बरोबरच दाट किंवा पातळ होतात, गुणोत्तर फारसं हलत नाही. ते ०.५ च्या वर गेलं की डॉक्टर सरसावून बसतात.

आता वर्षभराचं माप. १३, ८, ८ यांची साधी सरासरी ९.७ येते. पण बाई १३ वर किती काळ होत्या आणि ८ वर किती, हे त्यात नाही. म्हणून संशोधनात काळाचं वजन देऊन सरासरी काढतात: लागोपाठच्या दोन भेटींच्या गुणांची सरासरी घ्यायची, मधल्या महिन्यांनी गुणायची, सगळी बेरीज एकूण महिन्यांनी भागायची. पहिले तीन महिने साडेदहा, पुढचे नऊ महिने आठ, उत्तर ८.६. या हिशेबात एक गृहीत दडलेलं आहे, की दोन भेटींच्या मधे आजार सरळ रेषेत गेला. मे महिन्यात उन्हानं चट्टे उठले आणि पावसाळ्यात विरले असतील, तर ते कुठल्याच भेटीआधीच्या ३० दिवसांत सापडले नाहीत. नऊ महिन्यांचा खाडा गणितानं भरून निघत नाही. पण खाडा का पडतो तेही उघड आहे, दवाखान्यात गेलेल्या दिवसाची मजुरी बुडते.

गुणपत्रिकेतल्या काही त्रुटी तर धडकी भरवणाऱ्या आहेत. प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या की १ गुण. नव्वद हजार असल्या तरी एक, दहा हजार असल्या तरी एकच. ल्युपसच्या अँटिबॉडींमुळे लाल पेशी फुटून पांडुरोग झाला तर शून्य, कारण तो यादीतच नाही. शिवाय दोष ल्युपसचाच आहे हे आधी ठरवावं लागतं. पावसाळ्यात ताप आणि प्लेटलेट घसरल्या तर डेंग्यूही असू शकतो. पांढऱ्या पेशी ल्युपसवरच्याच अझाथायोप्रिन या औषधानंही उतरतात. इथे सीआरपी हा रक्तातला दाहाचा आकडा थोडी मदत करतो: ल्युपसच्या दाहात तो बऱ्याचदा फारसा वाढत नाही, तेव्हा तो खूप चढला तर आधी जंतुसंसर्ग शोधतात. या सगळ्या कारणांनी डॉक्टर स्वतःच्या अंदाजाचा ० ते ३ असा वेगळा आकडाही नोंदवतात. बेलिमुमॅब हे ल्युपसवरचं औषध २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, त्याच्या चाचण्यांत ‘सुधारणा’ म्हणायला तिन्ही मापांची संमती लागत होती: स्लेडाय ४ नं उतरलेला, बायलॅगमध्ये नवा मोठा बिघाड नाही, आणि डॉक्टरांचा अंदाज वाईट झालेला नाही.

स्टिरॉइडचा डोसही आता मापात धरतात, आणि हा बदल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रोज ३० मिलिग्रॅमवर स्लेडाय शून्य आणणं आणि ५ वर आणणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आशिया-पॅसिफिक देशांच्या गटानं २०१६ मध्ये मांडलेल्या ‘कमी सक्रियते’च्या व्याख्येत स्लेडाय ४ किंवा कमी, मुख्य अवयवांत हालचाल नाही, आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज ७.५ मिलिग्रॅमच्या वर नाही. २०२१ च्या ‘रेमिशन’च्या, म्हणजे आजार शांत झाल्याच्या व्याख्येत ती मर्यादा ५ आहे, आणि रक्तातले कॉम्प्लिमेंट-अँटिबॉडीचे दोष राहिले तरी चालतात. कायमच्या नुकसानीची वही तर वेगळीच. मोतीबिंदू, खुब्याचं हाड मरणं, मूत्रपिंड निकामी होणं यांचे गुण तिथे चढतात. त्यातले काही आजाराचे, काही स्टिरॉइडचे. ते गुण पुन्हा उतरत नाहीत.

रुग्णाच्या हातातल्या गोष्टी थोड्याच. जुन्या रिपोर्टांची फाइल तारखेनं लावलेली असावी. डीएनए अँटिबॉडी शक्यतो एकाच लॅबमध्ये करावी, कारण पद्धत बदलली की आकडे जुळत नाहीत. आणि चट्टा उठला की त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढावा, पुढच्या भेटीपर्यंत तो जातो.