भेदरलेल्या कुत्र्याचे फॉस्टर पालन

सुटका केलेल्या, पण माणसाला घाबरणाऱ्या कुत्र्याला कायमचे घर मिळेपर्यंत आपल्या घरी ठेवून त्याची भीती कमी करण्याचे काम. मुंबई-पुण्यातील प्राणिमित्र याला सरळ ‘फॉस्टर करणे’ म्हणतात. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार नसबंदी व लसीकरण झालेले रस्त्यावरचे कुत्रे मूळ जागीच परत सोडायचे असते. त्यामुळे फॉस्टर घरी येतात ती मुख्यतः अपघातात अपंग झालेली, मालकाने टाकून दिलेली कुत्री आणि आईवेगळी पिल्ले.

अशा कुत्र्याला कुणीतरी मारले असणार, असे आपण धरून चालतो. दर वेळी तसे नसते. पिल्लाला माणसांची, आवाजांची ओळख होण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. १९६१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चौदा आठवडे माणसापासून दूर वाढवलेली पिल्ले पुढेही माणसाला नीट सरावली नाहीत. आयुष्य पिंजऱ्यात गेलेल्या कुत्र्याला जिना, लिफ्ट, गुळगुळीत फरशी, कुकरची शिट्टी हे सगळेच संकट वाटते.

शेपूट घातलेले कुत्रे घाबरले आहे हे कोणालाही कळते. त्याआधीच्या खुणा निसटतात: ओठ चाटणे, झोप नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, जागच्या जागी थिजणे. थिजलेल्या कुत्र्याला ‘किती शांत आहे’ म्हणत लोक उचलायला जातात, आणि ते चावते.

घरात आधीचे कुत्रे असेल तर संसर्गाच्या भीतीने नव्याला सुमारे दोन आठवडे वेगळे ठेवतात. पुढे तेच जुने, धीट कुत्रे सर्वांत चांगला गुरू ठरते. माणसाचे पहिले काम मात्र नव्या कुत्र्याला एकटे सोडण्याचे. येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर एक कोपरा, फरशीवर सतरंजी, ठरल्या वेळी जेवण. पालक जमिनीवर बाजूला तोंड करून बसतो, नजर भिडवत नाही. चिकनचा किंवा पनीरचा तुकडा कुत्र्याच्या पुढे नव्हे, पाठीमागे टाकावा. तो खायला ते मागे जाते, मोकळे होते आणि पुन्हा आपणहून पुढे येते. जवळ यायचे की नाही हे त्याने ठरवायचे, ही या साऱ्या पद्धतीची किल्ली आहे. फटाक्यांचा, ढोल-ताशाचा आवाजही असाच: ध्वनिफीत अगदी हळू लावून, सोबत खाऊ देऊन, दिवसागणिक थोडा वाढवत. धरून ठेवून किंवा पाहुण्यांच्या गराड्यात बसवून ‘सवय लावणे’ हा सर्वांत घातक मार्ग. त्याने भीती आत मुरते. फारच भेदरलेल्या कुत्र्याला पशुवैद्य फ्लुऑक्सेटिनसारखे चिंता कमी करणारे औषध देतात. त्याचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. औषध देण्यात कमीपणा नाही.

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा रुळण्याचा ठोकताळा सांगितला जातो. भित्र्या कुत्र्याला तो लागू पडेलच असे नाही, आणि दत्तक जाहिरातीसाठी त्याला घाई करणे अन्यायाचे आहे. अमेरिकेत ‘एएसपीसीए’ या प्राणिरक्षण संस्थेने अशा कुत्र्यांसाठी नॉर्थ कॅरोलायनातील वीव्हरव्हिल येथे २०१८ मध्ये स्वतंत्र पुनर्वसन केंद्र उघडले. आपल्याकडे हे काम बहुतांशी फ्लॅटमधल्या एखाद्या खोलीतच चालते.

सर्वांत नाजूक काळ घर बदलण्याचा. नव्या घरातून भित्रे कुत्रे पळाले तर हाकेला येत नाही. पाठलाग केला तर आणखी दूर जाते. म्हणून पहिले काही आठवडे गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्हींना वेगळ्या दोऱ्या लावूनच बाहेर न्यावे. दत्तक घेणाऱ्याने आधी फॉस्टर घरी दोन-चारदा येऊन बसलेले बरे. कुत्र्याबरोबर त्याची चादर द्यावी, न धुतलेली, म्हणजे ओळखीचा वास सोबत राहतो.