मार्गरीत (फ्रेंच स्त्रीनाम)

मार्गरीत हे फ्रान्समधले एक जुने स्त्रीनाम. मूळ अर्थ मोती. पण आज पॅरिसमध्ये कोणालाही हे नाव ऐकून मोती आठवत नाही. आठवते ते कुरणात उगवणारे, मधोमध पिवळे आणि भोवती पांढऱ्या पाकळ्यांचे रानफूल. मोत्याचे फूल कसे झाले, हीच या नावाची खरी कथा आहे.

आधी उच्चार. फ्रेंच माणूस हे नाव भरभर बोलताना 'मार्ग्रीत' असेच म्हणतो. मराठीत रोमन स्पेलिंगवरून कधी 'मार्गुराइट', कधी 'मार्गुएराइट' छापलेले दिसते, ते चूक. स्पेलिंगमधला 'यू' फक्त 'ग'चा 'झ' होऊ नये म्हणून लिहितात, तो उच्चारायचा नसतो.

शब्द फ्रेंचमध्ये लॅटिनमधून आला, लॅटिनमध्ये ग्रीकमधून. ग्रीक 'मार्गारितेस' म्हणजे मोती. ग्रीकांकडे मात्र हा शब्द पूर्वेकडून, मोत्यांबरोबरच आला असावा. फारसीत मोत्याला 'मर्वारीद' म्हणतात, ते या शब्दाचे जवळचे नातलग. मोती भारतात आणि तांबड्या समुद्रातल्या काही बेटांजवळ मिळतात, असे ग्रीक तत्त्वज्ञ थिओफ्रॅस्टसने इ.स.पू. चौथ्या शतकाच्या सुमारास लिहून ठेवले. इ.स. दुसऱ्या शतकातल्या अरियन या ग्रीक इतिहासकाराने तर आणखी पुढे जाऊन 'मार्गारिता' हा शब्द भारतीयांच्याच भाषेतला आहे, असे सांगितले. ग्रीक पुराणातला वीर हेराक्लिस याला समुद्रात हा दागिना सापडला आणि लेकीला नटवण्यासाठी त्याने तो भारतात गोळा करवला, अशी कथाही तो देतो. काही भाषाभ्यासकांनी या शब्दाशी संस्कृत 'मञ्जरी'चा संबंध सुचवला आहे. मञ्जरी म्हणजे मोहोर, तुरा. कोशांत 'मोती' हाही अर्थ नोंदलेला आहे. हे नाते सिद्ध झालेले नाही, पण खरे असेल तर तुळशीची मंजिरी आणि फ्रेंच मार्गरीत लांबच्या का होईना, बहिणी ठरतात. अर्थाच्या बाजूने पाहिले तर मराठीतले तिचे जोडीचे नाव अर्थातच मुक्ता.

नाव युरोपभर पसरले ते अँटिओकच्या संत मार्गारेटमुळे. ती एका ड्रॅगनच्या पोटात गेली आणि ते फाडून सुखरूप बाहेर आली, अशी दंतकथा. दंतकथा संग्रहित करणाऱ्या मध्ययुगीन लेखकांनाही ड्रॅगनचा हा भाग पचला नव्हता, पण बायकांनी तो मनापासून धरला. पोटातून सुखरूप बाहेर येणारी म्हणून ती बाळंतिणींची संत झाली. कळा सुरू झाल्या की तिचे चरित्र वाचून दाखवत, कधी ती पोथीच बाईच्या पोटावर ठेवत. पॅरिसच्या सँ-जेर्मँ-दे-प्रे मठात तिचा म्हणून एक कंबरपट्टा जपलेला होता. सप्टेंबर १६०१ मध्ये फोंतेनब्लोच्या राजवाड्यात राणी मारी द मेदिसी बाळंत होताना शेजारच्या टेबलावर संत मार्गारेटचे अवशेष ठेवले होते आणि त्या मठाचे दोन भिक्षू प्रार्थना करत बसले होते, असे राणीची सुईण लुईझ बूर्झ्वा सांगते. त्या दिवशी जन्मला तो पुढचा तेरावा लुई. जोन ऑफ आर्कला जे आवाज ऐकू येत, त्यांतलाही एक याच संतिणीचा. १९६९ मध्ये कॅथलिक चर्चने अँटिओकच्या मार्गारेटला आपल्या सार्वत्रिक पंचांगातून वगळले. फ्रेंच दिनदर्शिकेत मार्गरीतचा नामदिन, म्हणजे त्या नावाच्या संताचा दिवस, १६ नोव्हेंबरला येतो. तो स्कॉटलंडची राणी संत मार्गारेट हिचा.

जुन्या फ्रेंचमध्ये 'मार्गरीत' म्हणजे मोती हा अर्थ जिवंत होता. डुकरांपुढे मोती टाकू नयेत या बायबलमधल्या वचनातही पूर्वी हाच शब्द असे. पहिल्या फ्रांस्वा राजाची बहीण मार्गरीत (१४९२–१५४९) स्वतः कवयित्री होती. १५४७ मध्ये निघालेल्या तिच्या काव्यसंग्रहाच्या नावाचा अर्थ 'राजकन्यांमधल्या मार्गरीतचे मोती' असा होतो. पुढे मोत्यासाठी 'पेर्ल' हा शब्द रूढ झाला आणि 'मार्गरीत' फुलाकडे राहिली. फुलाला हे नाव तेराव्या शतकातच मिळाले होते, बहुधा त्याच्या पांढऱ्या गोल रूपावरून. हे फूल शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातले.

या फुलाचा फ्रेंच खेळ इंग्रजांच्या खेळापेक्षा उदार आहे. इंग्रज प्रेमिक पाकळ्या तोडत 'आहे, नाही' एवढेच विचारतो. फ्रेंच मुलगी पाच उत्तरे मोजते: 'अं प, बोकू, पास्योनेमाँ, आ ला फोली, पा द्यु तू', म्हणजे थोडे, खूप, उत्कटपणे, वेड्यासारखे, मुळीच नाही. नकार पाचांत एकदाच. २१ पाकळ्यांचे फूल हाती लागले तर उत्तर 'थोडे' येते. २० किंवा २५ असतील तर मात्र संपलेच. १८५९ मध्ये पॅरिसमध्ये प्रथम सादर झालेल्या फ्रेंच संगीतकार गूनोच्या 'फाउस्ट' ऑपेरात नायिका बागेत हाच कौल लावते. नायिकेचे नाव मार्गरीत आणि हातातले फूलही मार्गरीत, हा योग फ्रेंचमध्ये आपोआप साधतो.

नावाचे आयुष्य लांबवण्यात कायद्याचाही हात आहे. १८०३ च्या कायद्याने मुलांची नावे पंचांगांतून किंवा प्राचीन इतिहासातूनच घेणे बंधनकारक केले. हे बंधन खऱ्या अर्थाने सुटले ते १९९३ मध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेल्या मुलींत मार्गरीत फार मोठ्या संख्येने सापडतात. त्यानंतरच्या काही वर्षांत जन्मलेल्या दोघी पुढे मोठ्या लेखिका झाल्या: ब्रुसेल्समध्ये जन्मलेली मार्गरीत यूर्सनार (१९०३–१९८७), १९८० मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडून आलेली पहिली स्त्री, आणि व्हिएतनाममधल्या सायगॉनजवळ जन्मलेली मार्गरीत द्युरास (१९१४–१९९६). दुसऱ्या महायुद्धानंतर नाव आजीचे वाटू लागले. त्याहून वाईट म्हणजे ते गाईला शोभू लागले: फेर्नांदेल या फ्रेंच विनोदी नटाच्या १९५९ च्या एका गाजलेल्या विनोदी चित्रपटात जर्मनीतून पळणारा युद्धकैदी जिला दोरीने धरून चालतो, त्या गाईचे नाव मार्गरीत.

नावाची भावंडे पुष्कळ. इटालियन मार्गेरिता, जर्मन ग्रेट्खेन, इंग्रजी मार्गारेट आणि पोर्तुगीज मार्गारीदा. हे शेवटचे गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजांबरोबर आले. रसायनशास्त्रातही एक भावंड आहे. शेव्ह्रल या फ्रेंच रसायनज्ञाने चरबीतून मोत्यासारखी झळक असलेला पदार्थ वेगळा काढला आणि त्याला ग्रीक मोत्याचेच नाव दिले. लोण्याला स्वस्त पर्याय म्हणून १८६९ मध्ये आलेले मार्गारीन हे त्याच शब्दावरून.

खुद्द फ्रान्समध्ये आज चलती आहे ती 'मार्गो' या लाडक्या रूपाची. सोळाव्या शतकातली राणी मार्गरीत द व्हाल्वा (१५५३–१६१५) हिला नववा शार्ल, म्हणजे तिचा भाऊ, मार्गो म्हणे. १५७२ मध्ये तिच्या लग्नानंतर सहाच दिवसांनी पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली, ती 'सेंट बार्थोलोम्यूची कत्तल' म्हणून ओळखली जाते. फ्रेंच कादंबरीकार द्यूमाच्या १८४५ च्या कादंबरीने ते लाडनाव कायमचे तिला चिकटवले. या मार्गोच्या शेवटी न उच्चारला जाणारा 'टी' असतो. दुसरे स्पेलिंग 'एयूएक्स'चे, बोर्दोजवळच्या मार्गो या वाइनच्या गावासारखे. उच्चार दोन्हींचा एकच. म्हणून मार्गो नावाच्या मुलीला आपले नाव लिहून देताना बहुतेक वेळा विचारले जाते, कुठली, टीची की एक्सची?