गाडीत बसून सिनेमा: पत्रिका छापण्याआधी एवढं वाचा

सोसायटीच्या मैदानात किंवा पार्टी प्लॉटवर ‘ड्राइव्ह-इनसारखा’ शो करून द्याल का, अशी विचारणा आमच्याकडे सारखी होते. जरूर करून देतो. विनंती एकच: आमच्याशी बोलल्याशिवाय पत्रिकेवर वेळ छापू नका.

बहुतेक पत्रिकांवर ‘सायंकाळी ७ वाजता’ असतं. मे महिन्यात बडोद्यात सूर्यच सात-सव्वासातला मावळतो आणि चित्र उठून दिसण्याइतका अंधार व्हायला पुढे ३५-४० मिनिटं जातात. तोवर मुलं कंटाळतात, मोठी माणसं आमच्या ऑपरेटरमागे लागतात. ‘जास्त पॉवरचा प्रोजेक्टर लावा’ हा त्यावर उपाय नाही. काळा रंग प्रोजेक्टर टाकत नाही. चित्रात जिथे काळं हवं तिथे पडदा नुसता अंधारात असावा लागतो. संधिप्रकाशात तो पांढुरका राहतो आणि रात्रीचे प्रसंग तर अजिबात दिसत नाहीत.

दुसऱ्या टोकाला रात्रीचे दहा आहेत. त्यानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सणासुदीला सरकार सूट देतं ते मोजके दिवस वेगळे. म्हणजे मे महिन्यात हातात दोन तास, जेमतेम वर पाच-दहा मिनिटं. तीन तासांचा सिनेमा त्यात बसत नाही, आणि शेवट कापून दाखवणं आम्हाला पटत नाही. तेव्हा आधी तारीख, मग सिनेमा, शेवटी पत्रिका. कोजागिरीच्या सुमारास सूर्य सव्वासहाला मावळतो, नोव्हेंबरअखेरीस सहाच्या आतच. मोठा सिनेमा हवा असेल तर हेच दिवस धरा.

ही अडचण ड्राइव्ह-इनच्या जन्मापासूनची आहे. अमेरिकेत रिचर्ड हॉलिंग्जहेड यांनी आधी घराच्या अंगणात झाडांना पडदा बांधून आणि गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवून प्रयोग केले. मग न्यू जर्सीत कॅम्डेनजवळ ६ जून १९३३ ला पहिलं ड्राइव्ह-इन सुरू झालं. पुढे तिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करण्याची पद्धत देशभर पसरू लागली, तेव्हा शो उशिरा सुरू करावे लागतात म्हणून ड्राइव्ह-इनवाल्यांनी तिला जोरदार विरोध केला. आपल्याकडच्यांना अहमदाबादचं थलतेजचं ड्राइव्ह-इन माहीत आहेच. १९७३ मध्ये सुरू झालेल्या त्या थिएटरचं नावच ‘सनसेट’!

हॉलिंग्जहेडनी कर्णे पडद्यापाशी लावले होते. मागच्या गाड्यांना आवाज उशिरा पोचायचा आणि शेजारपाजारचेही वैतागायचे. गाडीगणिक छोटे स्पीकर १९४० च्या दशकात आले, गाडीतल्या रेडिओवर आवाज त्याहून पुढे. रेडिओवरून आवाज द्यायचा तर परवान्याचा प्रश्न येतो, म्हणून आम्ही त्यात पडत नाही. दर दोन रांगांमागे कमी आवाजाचे स्पीकर उभे करतो. त्याचं भाडं थोडं जास्त पडतं, पण शेवटच्या गाडीतल्या आजींनाही संवाद कळतो.

पडद्याची पाठ पश्चिमेला ठेवतो, म्हणजे मावळतीचा उजेड त्यावर येत नाही. उंच गाड्या मागे, छोट्या पुढे. इग्निशन पूर्ण बंद ठेवायला सांगा. कित्येक नव्या गाड्यांचे पुढचे दिवे ते चालू असेपर्यंत विझत नाहीत. मैदानातले हॅलोजन कुठून बंद होतात ते वॉचमनकडून आधीच विचारून ठेवा. सिनेमा दाखवण्याची परवानगी आयोजकांनी हक्कधारकांकडून घ्यायची असते. कुणाकडे अर्ज करायचा ते आम्ही सांगतो.

जागा पाहायला आम्ही संध्याकाळीच येतो, त्याचे पैसे घेत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे शनिवार लवकर भरतात. तारीख मनात असेल तर आत्ताच कळवा.