लाकडी कप्पीची पार्श्वभूमी

जहाजाच्या शिडांचे दोर जिच्यातून ओढतात ती लाकडी कप्पी हातात आली की आधी तिच्या बाहेरची खाच पाहावी. या खाचेत दोराचं कडं बसतं. ते कवचाला, म्हणजे कप्पीच्या बाहेरच्या लाकडी भागाला, आवळून धरतं, म्हणून ताण आला तरी लाकूड सहजासहजी चिरत नाही. शिवाय आतलं चाक ज्यावर फिरतं त्या आसाची दोन्ही टोकं ते झाकतं, त्यामुळे आस निसटत नाही. इतकी साधी आणि इतकी पुरेशी रचना मला तरी दुसरी आठवत नाही.

ही रचना बरीच जुनी आहे. १५४५ साली बुडालेलं इंग्लंडचं 'मेरी रोझ' आणि १६२८ साली बुडालेलं स्वीडनचं 'वासा' ही जहाजं वर काढली, तेव्हा त्यांच्याबरोबर लाकडी कप्प्याही सापडल्या. कवचाला बहुधा एल्म किंवा ॲशचं लाकूड वापरत. चाकासाठी पुढे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातलं लिग्नम व्हायटी हे लाकूड पसंतीला उतरलं. ते पाण्यात बुडण्याइतकं जड असतं आणि अंगच्या राळेमुळे आसावर स्वतःच वंगण देतं.

एका मोठ्या युद्धनौकेला हजाराच्या आसपास कप्प्या लागत, आणि प्रत्येक कप्पीत चाकासाठीची पोकळी छिन्नीने कोरावी लागे. इंग्लंडच्या आरमाराची ही भूक भागवण्यासाठी अभियंते मार्क ब्रुनेल यांनी यंत्रमालिका आखली आणि यंत्रकार हेन्री मॉड्स्ली यांनी ती घडवली. भोक पाडणं, पोकळी कोरणं, कोपरे कापणं, बाहेरचा आकार देणं, खाच काढणं, अशा प्रत्येक कामाला वेगळं यंत्र. १८०८ साली आरमाराच्या पोर्ट्समथच्या गोदीत १ लाख ३० हजार कप्प्या तयार झाल्या. पूर्वी ११० कुशल कारागीर जे काम करत, ते आता दहा माणसं करू लागली. यंत्रांनी घाऊक माल बनवण्याच्या इतिहासात हा टप्पा फार महत्त्वाचा मानतात, आणि तो या ओबडधोबड दिसणाऱ्या वस्तूमुळे आला.

पुढे लोखंड, वाफ आणि प्लास्टिकने लाकडी कप्पीची गरज संपवत आणली. मग लाकूडही दुर्मीळ झालं. १९७० च्या दशकात रोगाने इंग्लंडमधले लाखो एल्म वाळले, आणि लिग्नम व्हायटीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आता निर्बंध आहेत.

लहान होडीला मात्र मोजक्याच कप्प्या पुरतात, त्यामुळे हाताने बनवणं आजही परवडतं. ॲशच्या फळ्या चिकटवून कवच करायचं, मध्ये पितळी किंवा कांस्याचं चाक घालायचं, जवसाचं तेल मुरवायचं. फळ्या चिकटवल्या की पोकळी आपोआप तयार होते. छिन्नीचं ते कष्टाचं काम वाचतं. फक्त दोर जिथून जातो तिथे चाकाच्या वर थोडी मोकळी जागा ठेवायची, नाहीतर भिजून फुगलेला दोर अडकतो.