लॅपटॉपचं वायफाय ७२ वर का अडकलं

मागच्या महिन्यात माझ्या लॅपटॉपने रात्री गुपचूप अपडेट घेतलं, त्यात वायरलेस कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतच चालणारा प्रोग्राम, तेपण होतं, आणि सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांचे चेहरे चौकोनी ठोकळे व्हायला लागले. सवयीप्रमाणे आधी इंटरनेटवाल्याला फोन लावला. तो यायच्या आत लक्षात आलं की बायकोचा फोन त्याच राउटरवर, त्याच टेबलावर मस्त पळतोय, म्हणजे लाईन ठीक, राउटर ठीक, बिघाड माझ्याच डब्यात.

अशा वेळी आपण स्पीड टेस्ट लावतो, पण त्यात घरापासून पार सर्व्हरपर्यंतचा सगळा प्रवास येतो. आपल्याला हवा फक्त लॅपटॉप ते राउटर हा पहिला टप्पा, त्याचा लिंक स्पीड. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' (netsh wlan show interfaces) टाइप केलं की रिसीव्ह रेट, चॅनेल, रेडिओ टाइप सगळं समोर येतं. माझ्याकडे रिसीव्ह रेट होता ७२. अपडेटच्या आधी तिथे ८६७ दिसायचा, हे मला आठवत होतं कारण नवीन राउटर आणला तेव्हा कौतुकाने पाहिलेलं.

आता गंमत अशी की हे आकडे कसेही येत नाहीत, ठरलेलेच असतात. ७२ मेगाबिट म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचा बँड (रेडिओ लहरींचा पट्टा), त्यातला २० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल, म्हणजे एक लेन, आणि एकच अँटेना कामावर. दोन्ही अँटेना चालल्या तर १४४. ५ गिगाहर्ट्झवर चॅनेल ८० मेगाहर्ट्झ रुंद मिळतो, शिवाय सिग्नल स्वच्छ असेल तर एका झटक्यात ६ ऐवजी ८ बिट जातात, म्हणून एका अँटेनाला ४३३ आणि दोघींना मिळून ८६७. म्हणजे नुसत्या ७२ या आकड्यावरून कळलं की माझं कार्ड चुकीच्या बँडवर बसलंय आणि वर एका पायावर लंगडतंय.

लंगडण्याचं कारण कानातच होतं. ब्लूटूथ पण २.४ वरच चालतं आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये वायफाय-ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात, अँटेना वाटून घेतात, कोणाला कधी द्यायची ते फर्मवेअर ठरवतं. इअरफोन डिस्कनेक्ट केला, कमांड परत मारली, १४४! अर्धी केस सुटली. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये गेलो तर 'प्रेफर्ड बँड' अपडेटनंतर मूळ सेटिंगवर, म्हणजे 'नो प्रेफरन्स'वर गेलेला. राउटरचं दोन्ही बँडना नाव एकच, त्यामुळे कार्डाने जास्त जोरात ऐकू येणारा २.४ पकडला. तिथे ५ गिगाहर्ट्झ निवडला, वायफाय बंद-चालू केलं, ८६७.

फर्मवेअरला एवढा अधिकार कसा? कारण वायफाय कार्ड हा स्वतःच एक छोटा कॉम्प्युटर आहे, आणि बहुतेक कार्डांमध्ये त्याचा प्रोग्राम लॅपटॉप सुरू होताना दर वेळी ड्रायव्हर (विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुवा असलेलं सॉफ्टवेअर) आत भरतो. कुठल्या बँडवर जायचं, कधी झोपायचं, पोच आली नाही तर वेग किती पायऱ्या उतरवायचा, हे सगळं फर्मवेअरच बघतं. कुठल्या देशात कुठले चॅनेल चालतात ते नियमही तेच पाळतं. समजा अपडेटनंतर कार्डाला आपण अमेरिकेत आहोत असं वाटलं आणि तुमचा राउटर २.४ च्या चॅनेल १३ वर असेल, तर तो लिस्टमध्ये दिसणारच नाही.

आणि एक हळू लॅपटॉप घरातल्या सगळ्यांना भोवतो बरं का. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. १५०० बाइटचं पॅकेट ८६७ ने साधारण १४ मायक्रोसेकंदात जातं, ७२ ने १६७, तेवढा वेळ त्या चॅनेलवरचे बाकीचे गप्प. त्यात २.४ वर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि आमच्या सोसायटीत लिस्ट उघडली की वीसेक नावं येतात, तिथे कोण कोणाला बोलू देणार.

सेटिंगने जमलं नाही तर त्याच डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे, ड्रायव्हर मागे गेला की बहुतेक वेळा त्याच्यासोबतचं फर्मवेअरही मागे जातं. पण त्याआधी रीस्टार्ट करा, शटडाऊन नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन म्हणजे अर्धवट झोप असते, ड्रायव्हर नव्याने सुरू होतच नाही. मी दोन दिवस शटडाऊनच करत बसलो होतो.

बेडरूममध्ये मात्र दोन भिंती आड येतात आणि ५ गिगाहर्ट्झ तिथे पार मान टाकतो, म्हणून राउटरमध्ये दोन्ही बँडना वेगळी नावं देऊन टाकली. हॉलमध्ये एक, बेडरूममध्ये दुसरं. इंटरनेटवाला तिसऱ्या दिवशी आला, चहा पिऊन गेला.