अर्धस्वयंचलित पिस्तूल : विश्वासार्हता आणि देखभाल

चाप एकदा दाबला की एकच गोळी सुटते आणि त्याच गोळीच्या धक्क्याने रिकामी पुंगळी बाहेर पडून पुढचं काडतूस आपोआप चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) बसतं, असं हे हातातलं शस्त्र. बोलताना सगळे नुसतं पिस्तूल म्हणतात. रिव्हॉल्व्हरमध्ये हे काम बोटाच्या ताकदीवर चालतं, त्यामुळे एखादं काडतूस फुसकं निघालं तरी परत चाप दाबला की पुढचं समोर येतं. पिस्तुलात मात्र प्रत्येक गोळीला पुढच्या गोळीची सोय करून जावं लागतं, आणि ती साखळी कुठे तुटते, का तुटते, तुटू नये म्हणून काय करायचं हा या नोंदीचा विषय.

पहिलं अर्धस्वयंचलित पिस्तूल कोणतं यावर जाणकारांचं एकमत नाही. ऑस्ट्रियातलं साल्वातोर-डॉर्मस साधारण १८९१ चं धरतात, श्योनबर्गर-लाउमान १८९२ च्या आसपासचं, आणि ह्यूगो बोर्खार्टचं सी-९३ नावाप्रमाणे १८९३ चं. पहिली दोन अगदी मोजकी बनली, वापरात अशी आलीच नाहीत, त्यामुळे विश्वासार्हतेचा इतिहास बोर्खार्टपासून सुरू करणं जास्त सोयीचं आहे. त्याचं काडतूस पुढे माउझर आणि लुगर या दोन्ही पिस्तुलांच्या काडतुसांचं मूळ ठरलं. बोर्खार्टची गुडघ्यासारखी दुमडणारी टॉगल यंत्रणा गेऑर्ग लुगरने सुटसुटीत केली, स्वित्झर्लंडने ती १९०० मध्ये घेतली, जर्मन नौदलाने १९०४ मध्ये आणि जर्मन लष्कराने १९०८ मध्ये. लुगरबद्दल नेहमीचं मत असं की ते नखरेल आहे, चिखल चालत नाही, हलकं काडतूस चालत नाही. यातली काडतुसाची तक्रार खरी दिसते, कारण टॉगल पूर्ण मागे जायला ठरावीक जोर लागतोच, आणि मूठ इतकी तिरकी आहे की मॅगझिनची (काडतुसं भरून मुठीत सरकवायच्या डबीची) स्प्रिंग भलतीच कडक ठेवावी लागली, म्हणून होल्स्टरमध्ये काडतुसं भरायचं छोटं अवजारही दिलेलं असे. चिखलाबाबत मात्र दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत. भागांवर नंबर मारलेले असत आणि एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्याला नीट बसेलच असं नसे, जुन्या लुगरच्या बऱ्याच तक्रारी या भागांच्या अदलाबदलीतून आल्या असाव्यात असं मानणं जास्त पटतं.

१९११ ची चाचणी आणि ‘शून्य बिघाड’

विश्वासार्हतेची चर्चा फिरून फिरून एका चाचणीवर येते. अमेरिकी लष्कराला .४५ कॅलिबरचं पिस्तूल हवं होतं, १९०७ पासून कोल्ट, सॅव्हेज, लुगर वगैरेंची तपासणी चालू होती, आणि मार्च १९११ मध्ये कोल्ट (म्हणजे जॉन ब्राउनिंगची रचना) आणि सॅव्हेज यांच्यात शेवटचा सामना झाला. प्रत्येक पिस्तुलातून ६००० गोळ्या झाडल्या. कोल्टला एकही बिघाड नाही, सॅव्हेजला ३७, असा आकडा बहुतेक ठिकाणी दिलेला असतो. २९ मार्च १९११ ला कोल्ट स्वीकारलं गेलं आणि एम १९११ नावाने १९८५ पर्यंत अमेरिकेचं मुख्य सैनिकी पिस्तूल राहिलं.

आता हे ‘शून्य’ नीट वाचायला पाहिजे, कारण ते नेहमी अर्धवट सांगितलं जातं. दर १०० गोळ्यांनंतर पिस्तूल थोडा वेळ थंड होऊ देत, आणि दर १००० गोळ्यांनंतर साफ करून तेल देत. म्हणजे साफसफाई न करता ६००० गोळ्या, असं जे काही लोक ठासून सांगतात ते चूक. पिस्तूल तापलं की पाण्याच्या बादलीत बुचकळत, ही गोष्टही खूप फिरते, ती घडली असेल पण सगळे एकमेकांवरून उचलून लिहितात अशातली वाटते. शिवाय स्पर्धेसाठी आणलेलं पिस्तूल कंपनीने जपून जुळवलेलं असणार हे उघड आहे, आणि आदल्या वर्षीच्या चाचणीत याच कोल्टला अडथळे आले होते, त्यावरून दुरुस्त्या करूनच ते परत आणलं होतं. ६००० नंतर वाकडी काडतुसं, धूळ, चिखल, आम्लाने मुद्दाम आणलेला गंज असेही प्रयोग झाले आणि त्यातूनही ते पार पडलं, ते खरं जास्त महत्त्वाचं, पण गोष्ट सांगताना नेमकं तेच गळतं.

ब्राउनिंगच्या रचनेत स्लाइड (नळीवरून मागेपुढे सरकणारा वरचा भाग) आणि बॅरल (नळी) थोडं अंतर एकत्र मागे जातात, मग बॅरलचं मागचं टोक खाली झुकून स्लाइडपासून सुटतं, पुंगळी एक्स्ट्रॅक्टरच्या नखाने ओढली जाते, इजेक्टरला आपटून बाहेर पडते, आणि परत येताना स्लाइड मॅगझिनमधलं वरचं काडतूस ढकलत नेते. एम १९११ मध्ये बॅरल झुकवायला एक छोटी कडी आहे. ब्राउनिंग १९२६ मध्ये वारले, त्यानंतर बेल्जियममध्ये द्यूदोने सेव्ह यांनी पुऱ्या केलेल्या हाय-पॉवर (१९३५) मध्ये कडीऐवजी पक्का उतार दिला, हलता भाग एकाने कमी झाला. आजची बहुतेक पिस्तुलं याच पद्धतीची.

कुठे अडतं

अडथळे मुख्यतः चार. काडतूस चेंबरमध्ये न चढणं, चाप दाबूनही गोळी न सुटणं, पुंगळी चेंबरमधून न निघणं, आणि निघूनही बाहेर न पडता स्लाइडमध्ये उभी अडकणं. शेवटचा प्रकार फोटोत भारी दिसतो म्हणून लोकांना तोच आठवतो, पण दोन काडतुसं एकदम पुढे येऊन अडकणं याच्याहून त्रासाचं, कारण तिथे मॅगझिन ओढून काढल्याशिवाय सुटका नसते.

दोष देताना लोक बॅरलकडे आणि तेलाकडे बघतात, खरा गुन्हेगार बहुतेक वेळा मॅगझिन असतं. पत्र्याच्या वरच्या दोन ओठांची वाकण जराशी उघडली तरी काडतुसाचा कोन बदलतो. पिस्तुलाच्या सगळ्या भागांत मॅगझिनच सारखं हातातून पडतं, त्यावर पाय पडतो, खिशातली धूळ त्यात जाते, आणि तरी ते पिस्तुलाचा भाग म्हणून कोणी मोजत नाही. मॅगझिनवर नंबर टाकून ठेवणं आणि बिघाड झाला की तो नंबर टिपून ठेवणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय, एकाच नंबरवर तीनदा खूण आली की ते सरळ फेकायचं. मॅगझिन भरून ठेवलं तर स्प्रिंग मरते का, हा जुना वाद. धातुशास्त्राच्या बाजूने बघितलं तर नुसत्या दाबून ठेवण्यापेक्षा वारंवार दाब-सोड केल्याने स्प्रिंग थकते, आणि हेच मत जास्त ग्राह्य दिसतं, फक्त आधीच्याच लांबीत जास्त काडतुसं कोंबलेल्या मॅगझिनमध्ये स्प्रिंग मुळातच मर्यादेपलीकडे दाबलेली असू शकते, तिथे एखादं काडतूस कमी भरणारे शहाणे.

दुसरा दोषी काडतूस. पहिल्या महायुद्धात ९ मिमी काडतुसासाठी बनवलेल्या माउझर सी-९६ च्या मुठीवर मोठा लाल ९ कोरला, कारण त्याच पिस्तुलाचा ७.६३ मिमी प्रकारही वापरात होता आणि अदलाबदल परवडणारी नव्हती. हाय-पॉवरच्या जुन्या नगांत काडतूस चढायच्या उतारावर उंचवटा होता, गोल नाकाच्या लष्करी गोळीला तो चालायचा, पोकळ नाकाची गोळी तिथे अडायची, पुढच्या आवृत्त्यांत तो सरळ केला.

तिसरा दोषी हात. मनगट सैल ठेवलं तर स्लाइडबरोबर अख्खं पिस्तूलच मागे जातं आणि स्लाइडला पूर्ण प्रवास मिळत नाही, हलक्या पॉलिमर फ्रेमच्या पिस्तुलांत हे जास्त जाणवतं. उलट प्रकारही आहे. अमेरिकी लष्कराने २०१७ मध्ये निवडलेल्या सिग कंपनीच्या एम १७ च्या चाचणीत नोंदलेल्या अडथळ्यांपैकी बरेचसे ‘शेवटच्या गोळीनंतर स्लाइड उघडी न राहणं’ या प्रकारचे निघाले, कारण उंच पकड घेणाऱ्यांचा अंगठा स्लाइड अडवणाऱ्या खिट्टीवर पडत होता. हे मोजायचे की नाही यावर पिस्तुलाचा आकडा चांगला की वाईट ते ठरतं! म्हणून दोन चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांनी आधी बिघाड कशाला म्हटलंय ते बघावं.

बेरेटाची स्लाइड

एम १९११ च्या जागी १९८५ मध्ये इटालियन बेरेटा एम ९ आलं. याचं कुलूप ब्राउनिंग पद्धतीचं नाही, जर्मन वाल्थर पी ३८ वरून आलेल्या झुकत्या ठोकळ्याचं आहे. १९८७-८८ मध्ये काही स्लाइड मधूनच तुटल्या आणि मागचा तुकडा झाडणाऱ्याच्या तोंडावर आला. कारणाबद्दल दोन पक्ष पडले, लष्कराच्या बाजूने धातूची चिवटपणाची पातळी कमी असल्याचं सांगितलं गेलं, कंपनीच्या बाजूने प्रमाणाबाहेर दाबाच्या काडतुसांकडे बोट दाखवलं गेलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी थोड्या थोड्या खऱ्या असायला हरकत नाही, पण उपाय बघितला तर तो कारणाच्या वादातच पडत नाही. घोड्याच्या (हॅमरच्या) पिनेचं डोकं मोठं केलं आणि स्लाइडला खाच दिली, म्हणजे स्लाइड तुटली तरी मागचा तुकडा तिथेच अडकतो. सुधारलेलं हे मॉडेल ९२ एफएस. पुढे इराकमध्ये २००३ नंतर याच पिस्तुलाच्या तक्रारी आल्या तेव्हा घोटाळा परत मॅगझिनमध्ये होता, खरखरीत फॉस्फेट मुलाम्याला बारीक वाळू धरून बसायची आणि काडतुसं वर सरकायची नाहीत.

भरवशाची आणखी एक बाजू आहे, नको तेव्हा गोळी सुटायला नको. १९८२ मध्ये ऑस्ट्रियन लष्कराने घेतलेल्या ग्लॉक १७ ला बाहेरची सेफ्टी नाही, चाप पूर्ण दाबेपर्यंत फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी) आतून अडवलेली राहते. सिग पी ३२० हे एम १७ चं नागरी भावंड, ते ठरावीक कोनात पडलं तर गोळी सुटू शकते असं २०१७ मध्ये दिसल्यावर कंपनीने चाप वगैरे भाग बदलून द्यायला घेतले.

देखभाल

आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढून चेंबर रिकामं आहे ते डोळ्याने आणि बोटाने बघायचं. क्रम उलटा झाला तर स्लाइड ओढताना मॅगझिनमधलं काडतूस परत चेंबरमध्ये चढतं, आणि ‘रिकामं’ समजून चाप दाबला जातो. मग स्लाइड, बॅरल, स्प्रिंग सुटे करायचे, यापलीकडे खोलायचं काम आर्मररचं (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं). नळी शक्यतो चेंबरच्या बाजूने घासायची, सॉल्व्हंट, ब्रश, मग चिंधी, कोरडी निघेपर्यंत.

तेल थोडंच. स्लाइडच्या रुळांवर, बॅरल घासतं तिथे, झुकण्याच्या जागी एकेक थेंब. फायरिंग पिनच्या बोळात तेल नाही, मॅगझिनच्या आत तर अजिबात नाही, कारण ते काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत झिरपलं तर काडतूस मिसफायर होऊ शकतं आणि नाही झिरपलं तरी धूळ धरतं. तेलात वाळू मिसळली की ते पॉलिश पेपरचं काम करतं. खोबरेल लावणारेही भेटतात, पण ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, शिलाई मशीनचं तेल त्यापेक्षा कितीतरी बरं. कोकणासारख्या दमट हवेत गंजाला घामच पुरेसा असतो, आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल महिनोन् महिने ठेवणं ही गंजाची सोय आहे, चामडं ओल धरतं.

जुन्या देखभालीतलं एक कलम आता अनेकांना कळत नाही, ते म्हणजे उकळतं पाणी. १९५० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच लष्करी काडतुसांच्या टोपीत क्लोरेट असे, स्फोटानंतर त्याचं मीठ नळीत उरायचं, हवेतली ओल ओढायचं आणि नळी आतून खायचं. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं, म्हणून आधी पाणी, मग सुकवणं, मग तेल. आजच्या काडतुसांना याची गरज नाही, जुना साठा वापरणाऱ्याला आहे.

स्प्रिंग खर्चाची वस्तू समजावी. एम १९११ ची स्लाइड परत पुढे ढकलणारी स्प्रिंग काही हजार गोळ्यांनंतर बदलतात, थकलेल्या स्प्रिंगचं पहिलं लक्षण म्हणजे पुंगळ्या नेहमीपेक्षा लांब उडायला लागतात.

भारतात

नाशिकला २१ डिसेंबर १९०९ रोजी कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी वापरलेलं ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून सावरकरांनी पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी होतं. चंद्रशेखर आझादांचं .३२ चं कोल्ट अलाहाबादच्या संग्रहालयात आहे. सैन्यातलं ९ मिमी १ए हे हाय-पॉवरचंच भावंड, कॅनडातल्या इंग्लिस कारखान्याच्या आवृत्तीवरून इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं. काडतुसांची बाजू महाराष्ट्राकडे आहे, खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा आणि दुसरा जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा. नागरिकांना ९ मिमी बोअर मिळत नाही, परवान्यावर .३२ मिळतं.

नेमबाजीत

२५ मीटर स्पर्धेतली बहुतेक पिस्तुलं .२२ रिमफायर (टोपीऐवजी बुडाच्या कडेवर पिन आपटून गोळी सुटणारी) असतात (कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं ते याच प्रकारात). या काडतुसाच्या बुडाला कड असते, मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली की गाडी थांबली. शिशाची गोळी, मेणाचा थर, त्यामुळे चेंबर लवकर चिकट होतं. रिकाम्या पिस्तुलाचा चाप सारखा दाबत बसू नये असं रिमफायरला मुद्दाम सांगतात, पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खड्डा पाडू शकते, मग काडतूस नीट बसत नाही. नियमांत बिघाडाची जबाबदारी स्पष्ट वाटून दिलेली आहे. गोळी अडकली की खेळाडूने नळी समोरच ठेवून मोकळा हात वर करायचा आणि अधिकाऱ्याला बोलवायचं. पुंगळी अडकली, भाग तुटला, काडतुसावर पिनेची खूण आहे पण गोळी सुटली नाही, तर बिघाड ग्राह्य. सेफ्टी लावलेली राहिली, काडतूस भरायचं विसरलं, किंवा अधिकारी येण्याआधी खेळाडूने स्वतःच यंत्रणेला हात लावला तर अग्राह्य, आणि न सुटलेल्या गोळ्यांचे गुण गेले.